मागच्या सीटवरची घंटी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं निम्मं सांगून होतं तोवर तुझा सल्ला येऊन पोचलेला असतो. या वेळी मला मधे कुणी नको आहे. दुपारची जेवणं झाली आहेत. तुझे बाबा खाली पार्किंगमध्ये सायकलच्या साखळीला तेल घालत बसले आहेत. स्टुलावर बसले आहेत, जमिनीवर नाही, तेवढं ऐकतात. आणि मी समोरच्या खुर्चीवर पाय लांब करून लिहिते आहे. सायकल म्हटल्याबरोबर तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. ती हवी तर तशीच राहू दे, पण शेवटपर्यंत वाच.

बाबांनी नव्या गुडघ्याचं नाव 'जावई' ठेवलंय, हे तुला सांगितलं का मी? ऑपरेशननंतर तू परत गेलीस त्याच आठवड्यात बारसं झालं. म्हणाले, पोरीने काही आणला नाही, म्हणून शेवटी डॉक्टरांकडून आणावा लागला. आणि खरंच, याचं सगळं जावयासारखंच आहे. सकाळी उठल्यावर आधी याची विचारपूस. याला खाली बसवायचं नाही. गारठा पडला की हा रुसणार. घरात येऊन इतके महिने झाले तरी थोडा अवघडलेलाच. आम्ही दोघं दिवसभर 'जावई काय म्हणतायत?', 'जावयांना शेक हवाय' असं बोलत असतो. मागे एकदा समोरच्या घरातल्या काकूंनी मला जिन्यात गाठून जरा रागानेच विचारलं, की मुलीचं लग्न गुपचूप उरकलंत आणि आम्हाला साधं कळवलंही नाहीत. आता मी त्यांना काय सांगू, की आमचे जावई धातूचे आहेत?

तू गेलीस त्या दिवशी दारात चपला घालता घालता त्यांना बजावून गेलीस, 'बाबा, सायकल हा विषय आता बंद. नवा गुडघा चालायला बसवलाय, टेकडीवर नेऊन मोडायला नाही.' मी तेव्हाही तुला दोष दिला नाही आणि आताही देत नाही. पहिल्यांदा वॉकर धरून उभं राहताना ते कसे पांढरेफटक पडले होते, ते तू पाहिलंस. मी नेमकी औषधं आणायला खाली गेले होते. बापाला तसं पाहिल्यावर कुठलीही मुलगी हेच म्हणेल. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. हा माणूस जन्मात कुणाचं ऐकत नाही, फक्त तुझं ऐकतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून जुनी चादर काढून घेतली आणि मला खाली पाठवून ती सायकलवर टाकायला लावली. मग आपल्या रविवारच्या सायकल मंडळींचा म्होरक्या, तो बेकरीवाला, त्याला फोन केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. 'गिऱ्हाईक बघ,' म्हणाले, 'जोडपं असेल तर बरं.'

जोडपं असेल तर बरं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

तू आमच्या सायकलवर कधी बसलीच नाहीस. लहानपणी बसवायला गेलो की भोकाड पसरायचीस, आणि मोठी झाल्यावर स्वतःची सायकल घेऊन आमच्या पुढे भिरभिरत निघून जायचीस. तुझं नावच त्यातून पडलं. म्हणून तुला सांगते. दोन माणसांच्या सायकलवर दोघांची पॅडल साखळीने एकमेकांना जोडलेली असतात. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. वळवणं, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याच्या हातात नुसता दांडा, तोही वळत नाही. तो दांडा धरून मी पंचवीसेक वर्षं बसले. माझ्यासमोर रस्ता नव्हता, तुझ्या बाबांची पाठ होती. ते बोलणाऱ्यांतले नाहीतच. सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. त्या अंधाऱ्या पोकळीत वाकून बसायचं, आणि बोलायला समोर कोण, तर तारा. पण त्या पाठीकडे बघून बघून मला सगळं कळू लागलं. उजवा खांदा खाली गेला की खड्डा आला. मान आखडली की ब्रेक. दोन्ही खांदे सैल पडले की उतार, आता मजा. तुझ्या पहिल्या नोकरीची बातमी त्यांना कशी वाटली, तेही मला त्या रविवारी मागून कळलं. घरी ते नुसतं 'बरं झालं' म्हणाले होते, आणि रस्त्यावर त्यांची पाठ अशी काही ताठ झाली होती की मला पुढचं काहीच दिसेना.

तेव्हा चादरीखाली गेला तो नुसता छंद नव्हता. एकट्याने चालवायची ती सायकल नव्हे, आणि तिच्याशिवाय रविवारी सकाळी एकमेकांचं काय करायचं ते आम्हाला सुचत नव्हतं. ते टीव्ही लावायचे. मी शिवणाचा क्लास बंद केल्यापासून माझ्याकडे कपाटं आवरण्यापलीकडे काही उरलं नव्हतं, आणि तीही आवरून झाली होती.

व्यायाम घेणारी फिजिओथेरपीवाली मुलगी मात्र दर खेपेला त्यांना तिच्याकडच्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवायची. गुडघा तेव्हा पुरता वाकत नव्हता. पॅडल वर आलं की अडायचं, मग मागे न्यायचं, पुन्हा पुढे, असं झोपाळ्यासारखं चाललं होतं. एके दिवशी पहिला पूर्ण फेरा पडला, तोही उलटा. बाबा म्हणाले, 'चला, निदान मागे तरी जाता येतंय.' ती मुलगी खूश, पण यांचं तोंड उतरलेलं. 'ही सायकल कुठे जातच नाही,' म्हणे. मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं. तिने डॉक्टरांशी बोलून सांगितलं की धावणं, उड्या, गुडघे टेकणं नको. सायकल चांगलीच, फक्त पडायचं नाही. मी घरी येऊन हे सांगितलं तर तुझे बाबा म्हणतात, 'डॉक्टर हो म्हणाले असतील. भिंगरी नाही म्हणालीये.'

मग मी वाद घातला नाही. एका संध्याकाळी खाली गेले, चादर काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले. मागची सीट रिकामी ठेवून ती एवढी लांबलचक सायकल आवारात एकटीने वळवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पहिल्या वळणाला कुंडी गेली. दुसऱ्या वळणाला मी वॉचमनच्या खुर्चीत जवळजवळ शिरले. बरं झालं तो तिच्यात नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तुझे बाबा उभे. आधी नुसते बघत होते. मग 'ब्रेक!' म्हणून ओरडले. मग 'अगं डावीकडे, डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे!' अख्खी इमारत खिडकीत आली. मी चौथ्यांदा भिंतीच्या दिशेने निघाले तेव्हा गॅलरी रिकामी होती, आणि थोड्या वेळाने ते माझ्यासमोर उभे होते, धापा टाकत. लिफ्टसाठी थांबलेच नव्हते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने तीन मजले उतरला, आणि काठी वरच राहिली हे त्यांच्या मी सांगेपर्यंत लक्षातही आलं नाही. म्हणाले, 'सायकलचं वाटोळं करशील.' मी म्हटलं, 'मग मागे बसा आणि शिकवा.'

बसले नाहीत. 'मागे? मी काय सामान आहे?' पुढच्या माणसाला सायकल थांबली की पाय टेकून दोघांचं वजन पेलावं लागतं. ते नव्या गुडघ्यावर टाकायचं नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. शिवाय मागच्या सीटपुढचा सांगाड्याचा दांडा खाली उतरता असल्यामुळे पाय फारसा न उचलताही चढता येतं. पण तो उतरता दांडा 'बायकांचा' ना! चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी मी नुसती किल्ली घेऊन दाराकडे निघाले, तर हे आधीच बूट घालून बसलेले. कुंड्या वाचवण्यासाठी, म्हणाले.

पण गुडघा वर येऊन अडतच होता, आणि दोघांची पॅडल जोडलेली म्हटल्यावर ते अडले की मीही अडणार. यात माझा शिवणाचा क्लास कामी आला. पँट घट्ट झाली तर आपण पाय तासत नाही, शिलाई उसवतो. मी सायकलच्या दुकानात जाऊन विचारलं की पॅडल ज्या दांडीला लावतात ती मागच्या बाजूला आखूड लावता येईल का, म्हणजे फेरा लहान होईल आणि गुडघ्याला कमी वाकावं लागेल. दुकानदार डोकं खाजवून म्हणाला, 'काकू, लहान मुलांच्या सायकलच्या दांड्या बसतील.' बसल्या. तुझ्या बाबांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, 'वा, आता तीनचाकी तेवढी राहिली.' पण त्या संध्याकाळी आवारात आम्ही एक फेरी मारली, न अडता. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला समोरच्या काकूंनी वरून टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, 'जावई नाही आले?' बाबा म्हणाले, 'त्यांनाच घेऊन निघालोय.'

रस्त्यावर गेलो त्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. समोर गतिरोधक होता. मी तो पाहिला, खांदे थोडे उचलले, सीटवरून जरा वर झाले आणि पार झाले. माझ्या डोक्यात असं, की मागच्याला कळतंच. मला नेहमी कळायचं ना! मागून एक दणका आणि एक शिवी आली. त्यांची जीभ चावली गेली होती. जावयांना काही झालं नाही, पण सासरेबुवा भयंकर चिडले. 'सांगायचं नाही का?' मी म्हटलं, 'तुम्ही कधी सांगितलंत?' रस्त्याच्या कडेला सायकल धरून आम्ही दोघं म्हातारे भांडलो, बघणाऱ्यांची चांगली करमणूक झाली. मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. म्हणाले, 'इतकी वर्षं तू न सांगता कसं ओळखायचीस?' मी म्हटलं, 'पाठीकडे बघून.' परत येताना मला जाणवत होतं, मागे एक माणूस मन लावून अभ्यास करतोय.

त्या दिवसापासून नियम ठरला. पुढच्याने सगळं तोंडाने सांगायचं: खड्डा, वळण, कुत्रं, उतार. मी मागच्या दांड्यावर एक लहान घंटी बसवून घेतली. एकदा वाजवली की 'कळलं'. दोनदा वाजवली की 'दुखतंय, थांब'. गेले कित्येक रविवार आम्ही असेच फिरतो आहोत. आधी तळ्यापर्यंत, मग पुलापर्यंत, मग पुलापलीकडे. मी बोलत असते, मागे एकेक टिंग वाजत असतं. लागोपाठ दोनदा मात्र घंटी कधीच वाजली नाही. हे मी तुला फोनवर सांगितलं नाही, कारण त्यांनी मनाई केली होती. 'आधी टेकडी होऊ दे, मग तिला सांगू. तोवर नुसतंच भांडण होईल.'

तर गेल्या रविवारी टेकडी झाली. आपल्या मंडळींची वर्षाची मोठी फेरी, वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथला रिवाज तुला माहीत आहे: जो वर पोचेल त्याने शेवटच्या वळणावर घंटी वाजवायची, आणि शेवटची घंटी ऐकू येईपर्यंत बेकरीवाल्याने चहाचा थर्मास उघडायचा नाही. पूर्वी आम्ही मधल्या घोळक्यात असायचो. या वेळी निघतानाच बेकरीवाला म्हणाला, 'लिफ्टवाले, आज चहा गार करणार का?' बाबा म्हणाले, 'आज माझ्याशी नाही, ड्रायव्हरशी बोल.' सगळे पुढे गेले. आम्ही आमच्या चालीने. चढ सुरू झाल्यावर माझं बोलणं कमी झालं. खड्डा, टिंग. वळण, टिंग. आणि मग अर्ध्याच्या वर, झाडांची सावली संपते तिथे, मागून आवाज आला. टिंग टिंग.

मी पाय थांबवले. मी कशीबशी सायकल कडेला घेतली, पाय टेकला, आणि मागे न बघताच विचारलं, 'फार दुखतंय? कुठे? आतून की बाहेरून?' ते म्हणाले, 'मला नाही. तुला.' मी म्हटलं, 'काहीतरीच काय!' तर म्हणाले, 'तुझा उजवा गुडघा वर येताना बाहेर फेकला जातो. मग कंबर उचलतेस. चढावर जास्त. मी तळ्याच्या फेरीपासून बघतोय, आज विचारायचंच ठरवलं होतं. कधीपासून?' भिंगरी, दोन वर्षं मी हे कुणाला दिसू दिलं नव्हतं. जिना उतरताना मी कठड्याला धरून तिरकी का उतरते, हे तुलाही कळलं नाही. त्यांचा गुडघा आधी होऊन जाऊ दे, एका घरात एकाच वेळी दोन आजारी कशाला, असं म्हणून मी ढकलत राहिले. आणि ज्या माणसाला माझी नवी साडी चार तास दिसत नाही, त्याला मागच्या सीटवरून माझा गुडघा दिसला.

मी म्हटलं, 'चला, उतरून ढकलत नेऊ.' ते म्हणाले, 'बस. पाय नुसते पॅडलवर ठेव, जोर लावू नकोस. आज मी नेतो.' मी कुरकुर केली, तर म्हणाले, 'लिफ्टमध्ये शिरल्यावर तू कधी पाय हलवतेस का? दार लागलं. आता वर.' आणि खरंच, गं, ते आम्हाला दोघांना वर घेऊन गेले. लहान मुलांच्या आखूड दांड्या, धातूचा गुडघा, आणि मागे फुसफुस श्वास. सायकल माणसाच्या चालीने जात होती. मी फक्त हँडल धरून होते, खड्डा म्हणत होते, आणि दर खड्ड्याला मागून टिंग येत होतं. शेवटच्या वळणावर मी माझी घंटी वाजवली आणि त्यांनी मागून त्यांची. बेकरीवाल्याने लगेच हरकत घेतली, एका सायकलची एकच घंटी. बाबा खाली उतरले, काठीशिवाय, आणि त्याला म्हणाले, 'माणसं मोज, सायकली मोजू नकोस. चहा ओत.' त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, तोंड लालबुंद, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी त्यांच्याकडे बघायचं सोडून टाकीकडे बघत बसले. तू हवी होतीस. तुझं 'नाही' मोडलं म्हणून नव्हे. तुझा बाप कसा दिसतो ते बघायला.

आता पत्राचं कारण. सोमवारी आम्ही त्याच डॉक्टरांकडे जाऊन आलो. गुडघ्याचे फोटो काढले. माझा उजवा गुडघाही बदलायचा आहे, आणि पुढच्या महिन्यात बदलायचं ठरलं आहे. घाबरू नकोस, मी घाबरलेली नाही; आमच्या घरात या कामाचा अनुभवी माणूस आहे. तू त्यांच्यासाठी केलेलं औषधांचं वेळापत्रक त्यांनी काढून फ्रिजवर लावलं आहे, वॉकर पुसून ठेवला आहे, आणि माझ्या जावयाचं नाव काय ठेवायचं यावर विचार चालू आहे. तेव्हा माझी सेवा करायला ये, असं मी म्हणत नाहीये. ती तुझे बाबा करतील, आणि मला करून घ्यायची आहे. पण मी बरी होईपर्यंत रविवारी ती सायकल चादरीखाली जाता कामा नये, आणि एकट्याने ती चालवायची नसते. ते आता पुढे यायला तयार नाहीत. म्हणतात, मागून जास्त दिसतं. म्हणून रजा काढ आणि पुढच्या सीटवर बसायला ये. ब्रेक तुझ्याच हातात असतील, म्हणजे तुझी काळजीही मिटेल. फक्त सगळं तोंडाने सांगत राहा. आणि मागून एकदा टिंग आलं की समज, त्यांना कळलं. तू माझ्यापेक्षा उंच आहेस, तुझं माप माझ्याकडे आहेच. बाबांनी आत्ताच खालून हाक मारून विचारलं, किती वर करू? मी सांगितलं. सीट तुझ्या मापाची करून ठेवली आहे.

तुझीच,
सध्या पुढच्या सीटवरून रजेवर निघालेली,
आई